लिंकनशरमधली राखण: बंदुकीचा परवाना, वुडपिजन आणि एक अख्खं वर्ष

मी मंगळवेढ्याकडचा. शाळू हुरड्यात आला की शाळेला दांडी मारून माळ्यावर उभं राहायचं, गोफण फिरवायची आणि घसा बसेपर्यंत हाळी घालायची, हे सातवीपर्यंतचं माझं काम. आता गेली नऊ वर्षं इंग्लंडमध्ये, लिंकनशरच्या दक्षिण टोकाला, भाजीपाल्याच्या पॅकिंग कारखान्यात माल तपासतो. फ्लॉवर, कोबी, ब्रसेल्स स्प्राउट. नाकारलेल्या क्रेटवर कारण लिहावं लागतं आणि हिवाळ्यात त्यातलं एक कारण सारखं येतं: 'पिजन', म्हणजे कबूतर. पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या, गड्ड्यावर चोचीच्या खुणा. ते क्रेट बघूनच पिकं खाणारी वुडपिजन, म्हणजे इथली रानकबुतरं, बंदुकीनं मारायचा हा नाद लागला.

ओळखीतल्या दोघातिघांनी विचारलं, परवाना कसा काढलास, जागा कशी मिळाली. त्यांच्यासाठी सगळं क्रमानं लिहितोय. हे फक्त इंग्लंडपुरतं. पक्षी मारायचे स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे आहेत, आणि आपल्याकडे तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हा विषयच राहिला नाही.

आधी पक्षी. वुडपिजन म्हणजे आपला पारवा नव्हे. अंगानं चांगला मोठा, अर्धा किलोच्या आसपास, मानेवर पांढरा डाग, उडताना पंखावर पांढरी पट्टी. ब्रिटनमध्ये यांच्या पन्नास लाखांच्या आसपास जोड्या आहेत. साळुंकीसारखा किडेबिडे वेचत बसत नाही. कोवळं पान, दाणा, कोंब, बहुतेक शेतकऱ्यानं पेरलंय तेच खातो. तरी तो कधीही, कुणीही मारावा असं नाही. इंग्लंडमध्ये 'जनरल लायसन्स' (सगळ्यांना मिळून दिलेली सरकारी परवानगी) असतं, त्याचा सध्याचा क्रमांक जीएल ४२. त्यासाठी अर्ज करायचा नसतो, पण ते वाचून त्यातल्या अटी पाळाव्या लागतात. पिकाचं गंभीर नुकसान टाळायला म्हणूनच मारता येतं. मजा म्हणून किंवा खायला म्हणून नाही. जमिनीच्या मालकाची किंवा कसणाऱ्याची परवानगी लागते, आणि आधी हाकलायचे इतर उपाय करून पाहिलेले असावे लागतात. दर १ जानेवारीला नवी प्रत येते, ती पुन्हा वाचायची.

सप्टेंबर २०२३ मध्ये मी क्ले शूटिंगच्या (हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरायच्या) मैदानावर चार धडे घेतले, प्रत्येकी ५५ पौंड. तिथं शिकायला स्वतःचं शॉटगन सर्टिफिकेट (छर्ऱ्यांच्या बंदुकीचा परवाना) लागत नाही, त्यामुळे आधी तिथं जा. आवडलं नाही तर पुढचा खर्च वाचेल. पहिल्या दिवशी खांदा निळा पडला होता. बायको म्हणाली, "गोफणीनं असं व्हायचं का रे?"

त्याच महिन्यात डॉक्टरांचा कागद मागितला. शॉटगन सर्टिफिकेटच्या अर्जाबरोबर आपल्या जीपीनं (नेहमीच्या डॉक्टरनं) भरलेला वैद्यकीय फॉर्म द्यावा लागतो. जीपी त्याचे वेगळे पैसे घेतात आणि प्रत्येकाचा दर निराळा. माझे ७५ पौंड गेले आणि नऊ आठवडे गेले. तीनदा फोन केला, तिन्ही वेळा "डॉक्टरांच्या टेबलावर आहे." चौथ्यांदा समजलं की ते टेबलच बदललं होतं. म्हणून सांगतो, बाकी कशाला हात लावायच्या आधी हा कागद मागा.

१४ नोव्हेंबरला अर्ज पाठवला. फी तेव्हा ७९.५० पौंड होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती १९४ झाली. सर्टिफिकेट पाच वर्षांचं असतं. हमी द्यायला तेव्हा एकच माणूस चालायचा (आता दोन लागतात), तो किमान दोन वर्षं ओळखणारा हवा, नातेवाईक नको. मी आमच्या शिफ्ट मॅनेजरला गळ घातली. फॉर्ममध्ये पूर्वीचे गुन्हे विचारतात, त्यात गाडी वेगात चालवल्याचा दंडसुद्धा लिहायचा असतो. माझा २०१९ चा एक होता. लिहू की नको, असं रात्रभर चाललं होतं. लिहिला. पुढे घरी आलेल्या अधिकाऱ्यानं तेवढ्यावरच बोट ठेवलं आणि म्हणाला, "बरं केलंत." लपवलेलं सापडलं असतं तर बोलणं वेगळं झालं असतं.

मग काहीच नाही. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. २० फेब्रुवारीला फोन, ६ मार्चला घरभेट. तोवर बंदुकीचं लोखंडी कपाट आणून ठेवलं होतं, १६० पौंडांचं, इथल्या मानकाचा शिक्का असलेलं. घर जोडघर आहे. मी ते आधी आतल्या पोकळ भिंतीवर लावायला निघालो होतो, शेजाऱ्यानं अडवलं. बाहेरच्या विटांच्या भिंतीला बोल्ट मारून पक्कं केलं. अधिकाऱ्यानं आल्या आल्या ते दोन्ही हातांनी धरून ओढून बघितलं, बैल बाजारात दात बघतात तसं. मग तासभर प्रश्न: दारू किती, झोप कशी लागते, पैशाची अडचण आहे का, बंदूक कशाला हवी. बायकोशी दहा मिनिटं वेगळं बोलला. नंतर तिनं सांगितलं, "भांडणात आवाज कोणाचा चढतो विचारलं. मी म्हटलं, माझा."

किल्लीचं नीट समजून घ्या. ज्याच्याकडे सर्टिफिकेट नाही त्याच्या हाती बंदूक लागता कामा नये, यात बायको आली. म्हणजे किल्ली कुठं आहे हे तिला माहीत असता कामा नये. आमच्या घरात माझं पाकीट, चष्मा, पासपोर्ट सगळं तिलाच सापडतं. ही एकच वस्तू अशी आहे की ती मुद्दाम शोधत नाही, आणि मी मात्र दोनदा हरवली.

११ जून २०२४ ला सर्टिफिकेट पोस्टानं आलं. अर्जापासून जवळजवळ सात महिने. पहिली गोष्ट त्यावर शाईनं सही करायची. मग गावातल्या बंदूकवाल्याकडून ४२५ पौंडांना जुनी बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीचं माप) बंदूक घेतली, वर-खाली नळ्यांची. दुकानदार सर्टिफिकेटवर तिची नोंद करतो आणि सात दिवसांत आपणही पोलिसांना कळवायचं असतं. काडतुसं घेतानाही सर्टिफिकेट दाखवावं लागतं. विम्यासाठी बास्क या नेमबाजांच्या संघटनेचं सभासदत्व घेतलं. परवानगी मागायला गेलं की शेतकरी पहिला प्रश्न विम्याचाच करतो.

आणि परवानगी हेच खरं अवघड काम. बंदूक हातात आली म्हणजे झालं, असं मला वाटत होतं. जूनच्या शेवटी दोन शनिवार फिरून अकरा शेतकऱ्यांची दारं वाजवली. अकरांपैकी नऊ जणांनी सभ्यपणे नाही म्हटलं, एकानं कुत्रं सोडलं (बांधायला विसरला म्हणाला), एकानं "पत्र टाका" सांगितलं. आता कळतं, सुगीच्या तोंडावर अनोळखी माणूस बंदुकीची गोष्ट काढायला आला तर मीही हाकललं असतं.

मदत झाली ती शेजाऱ्याची, ज्यानं कपाटाची भिंत बदलायला लावली त्याचीच. ७४ वर्षांचा, निवृत्त ट्रॅक्टर ड्रायव्हर. नाव लिहीत नाही, मी त्याला मनातल्या मनात बुवा म्हणतो. तीन शेतांवर त्याची पन्नास वर्षांची ये-जा. तो मला एका शेतकऱ्याकडे घेऊन गेला आणि म्हणाला, "हा माझ्याबरोबर असेल." शेतकऱ्यानं अटी दोनच घातल्या: काडतुसात प्लास्टिकचा नाही तर फायबरचा वॉड (दारू आणि छर्रे यांच्या मधला बूच) हवा, आणि एकही रिकामं टरफल रानात राहता कामा नये. मी कागदावर लेखी घेतलं. तारीख, कुठली रानं, कुठला पक्षी. तो कागद आजही बंदुकीच्या पिशवीत असतो.

जुलै २०२४. पावसानं गव्हाचं पीक जागोजागी लोळलं होतं. उभ्या गव्हात वुडपिजनला उतरता येत नाही, लोळलेल्यात येतं. तिथं बसून कणसं खातो आणि उरलेलं तुडवतो. पहिल्या दिवशी बुवा नव्हता. मी कुंपणाच्या झुडपांत जाळी लावून लपण केली, समोर बारा प्लास्टिकचे डिकॉय (भुलवायला ठेवायचे नकली पक्षी) मांडले आणि तोंडावर छान वारा घेत बसलो. पक्षी आले ते सगळे पाठीमागून, डोक्यावरून. वुडपिजन उतरताना वाऱ्याच्या तोंडाला उतरतो. म्हणजे वारा आपल्या पाठीवर हवा, तर तो समोरून येईल. साठ काडतुसं, नऊ पक्षी. बुवाला सांगितलं तर तो म्हणाला, "आज शेतकऱ्यापेक्षा दुकानदाराचं भलं केलंस."

पुढच्या रविवारी तो आला आणि बंदूक गाडीतच ठेवायला लावली. दीड तास आम्ही बांधाच्या कडेला दुर्बीण घेऊन बसलो. तोच खरा धडा. पक्षी कुठून निघतात, कुठल्या झाडावर टेकतात, कुठल्या बाजूनं रानात शिरतात. त्यांची एक वाट असते, बऱ्याचदा झाडांच्या रांगेवरून नाहीतर ओढ्यावरून, आणि वारा फिरला की वाट सरकते. लपण त्या वाटेखाली हवी. डिकॉय घोड्याच्या नालासारखे, तोंडं वाऱ्याकडं, मधे मोकळी जागा आणि ती लपणीपासून वीस-पंचवीस पावलांवर. पक्षी त्या मोकळ्या जागेत उतरायला येतो. त्यापलीकडच्याला गोळी घालायची नाही, तो जखमी होऊन जातो. गरगर फिरणारं बॅटरीचं यंत्रही मिळतं, त्याच्या दोन दांड्यांना मेलेले पक्षी लावतात. मी घेतलं, पण जोराच्या वाऱ्यात पक्षी त्याला बुजतात असा माझा अनुभव. आधी जाळी, काठ्या आणि डिकॉय घ्या, १३० पौंडांत होतं.

ऑगस्टमध्ये रेप कापली, मग गहू. (रेप म्हणजे आपल्या मोहरीची मोठी बहीण, तेलासाठी घेतात.) कापलेल्या रानात सांडलेल्या दाण्यावर थवे उतरतात आणि सगळ्यांना तेव्हाच जायचं असतं. पण कापून झालेल्या रानात नुकसान कसलं? लायसन्सचा अर्थ तिथं ताणावा लागतो. बाजूच्या रानात नवी रेप उगवत असेल आणि हाच थवा उद्या तिथं जाणार असेल, तरच मी बसतो. शेतकऱ्याला विचारून वहीत तसं लिहून ठेवतो. आणखी एक खटकतं ते सांगतो: जुलै ते सप्टेंबर हा यांचा पिल्लांचा मुख्य काळ. घरट्यात बहुधा दोन पिल्लं असतात. बुवा यावर बोलत नाही, मीही फार बोलू शकत नाही.

ऑक्टोबरमध्ये पक्षी गायब. सलग तीन रविवार रिकाम्या हातांनी आलो. चौथ्या रविवारी एक मिळाला. बुवानं तो बोनेटवर उताणा ठेवला, छातीवरची पिसं बाजूला केली आणि गळ्यातली पिशवी चाकूनं चिरली. आत ओकच्या झाडाची फळं. सात. अख्खी, चकचकीत, टोपी नसलेली, पक्ष्याच्या ऊबेनं कोमट. एवढ्याशा गळ्यात ही गेली कशी, हेच मी बघत राहिलो. बुवा म्हणाला, "शेतात कशाला शोधतोस? सगळे जंगलात जेवताहेत." तेव्हापासून प्रत्येक वेळी पहिल्या पक्ष्याची पिशवी मी उघडून बघतो आणि वहीत लिहितो. नोव्हेंबरच्या शेवटी: ओक संपले, हिरवी पानं सुरू. जानेवारीच्या थंडीत: रेपच्या पानांचा मूठभर हिरवागार लगदा, मधेच आयव्हीच्या वेलाची काळी फळं. पक्षी उद्या कुठं असेल ते त्याच्या गळ्यातच लिहिलेलं असतं.

ऑक्टोबरमध्येच मी मोठी चूक करता करता वाचलो. दोन पक्षी झपाट्यानं खालून आले, मी बंदूक उचलली आणि बुवाचा हात नळीवर पडला. "खाली." ते स्टॉक डव्ह होते. जरा लहान, करडे, मानेवर आणि पंखांवर पांढरं काही नाही. त्यांना संरक्षण आहे. ओळखीची खात्री नसेल तर बंदूक उचलायचीच नाही. शर्यतीची कबुतरंही कधी थव्यात मिसळतात आणि ती कुणाची तरी पाळलेली असतात.

डिसेंबर-जानेवारीत रेपवर पाचसहाशेंचा थवा बसलेला दिसतो आणि वाटतं, आता काय विचारता. पण एवढा थवा डिकॉयला भुलत नाही. एकदा उठला की अख्खा उठतो आणि दीड मैलावरच्या दुसऱ्या रानात जातो. शेतकऱ्यानं गॅसची तोफ लावली होती, दर वीस मिनिटांनी धडाम. आठवड्याभरात पक्षी तिच्या जवळच चरायला लागले. घारीच्या आकाराचा पतंगही तसाच फुकट गेला. आम्ही दोघं दोन रानांवर बसलो, की इथून उठलेले तिथं जायचे आणि तिथून उठलेले इथं. पक्षी थोडेच मिळाले. त्या रानातली रेप मात्र टिकली, आणि शेतकऱ्याला तेवढंच हवं होतं. हिवाळ्यात वारा नसलेल्या दिवशी जाऊ नका, बोटं गारठतात आणि हाती काही लागत नाही.

फेब्रुवारीत पक्षी रात्री वस्तीला येतात त्या झाडांखाली बसायचं. १ फेब्रुवारीला फेझंटचा (हा शिकारीचा पक्षी) हंगाम संपतो, मग जंगलात जाऊ देतात. दुपारी तीननंतर, वारा जोराचा हवा. मला हे फारसं आवडलं नाही. अंधारून येताना एक पक्षी लागला आणि झुडपांत पडला. बुवाच्या लॅब्रॅडोरनं पाऊण तास शोधला, नाही सापडला. त्या रात्री घरी जाऊन वहीत तेवढंच लिहिलं.

मार्चमध्ये पक्षी जोडीजोडीनं विखुरतात, हाती फारसं लागत नाही. मग वाटाण्याची पेरणी. आमच्या भागात फ्रोझनसाठीचा वाटाणा भरपूर घेतात, आणि कोंब दोन पानांवर आला की वुडपिजन ओळीनं खुडत जातो, पेरलेल्या ओळीवरून चालत. बुवा एप्रिल २०१९ ची गोष्ट सांगतो. वाईल्ड जस्टिस या संस्थेनं कायदेशीर आव्हान दिलं आणि जनरल लायसन्स दोन दिवसांच्या सूचनेवर रद्द झाली. नेमका वाटाणा कोंबात. "शेतकरी रानात टाळ्या वाजवत फिरत होते," तो हसत सांगतो. पण नियम तेव्हापासून नीट लिहिले गेले, हेही तोच सांगतो.

मिळालेलं खायचं कसं, हे सगळे विचारतात. घाऊक घेणारा एका पक्ष्याला अर्धा पौंडही देत नव्हता, म्हणून घरीच. फक्त छातीचे दोन तुकडे काढायचे. पहिल्यांदा मटणासारखे शिजवले आणि चपलेचा तळवा झाला. आता काळं तिखट, लसूण, मीठ लावून तव्यावर दोन्हीकडून दोन-दोन मिनिटं, बस्स. छर्रे दाताखाली येतात, सावकाश चावा. आमच्या मराठी मंडळातल्या एका काकूंनी "कबूतर?" म्हणून ताट सरकवलं होतं. त्यांच्या मुलानं दोनदा घेतलं.

मे २०२५ मध्ये गावाकडून आबा आले, पहिल्यांदाच. फोनवर वर्षभर एकच म्हणत होते, "मारतोस कशाला रं? हाकल की." म्हटलं, चला बघायला. त्यांच्याकडं सर्टिफिकेट नाही, म्हणून बंदुकीला हात लावायचा नाही, हे घरीच तीनदा बजावलं. वाटाण्याच्या रानाच्या कडेला मी लपण बांधायला लागलो तर आबा उभेच. पाच मिनिटं आभाळाकडं बघितलं आणि म्हणाले, "हितं नगं. त्या पॉपलरच्या कडंनं येत्यात, वाऱ्याच्या तोंडाला." (झाडाचं नाव आदल्या दिवशीच मला विचारलं होतं.) मी जाळी उचलून ऐंशी पावलं सरकवली. बुवाला जे शिकवायला दीड तास लागला होता ते.

साडेआठला पक्षी यायला लागले, अगदी त्याच वाटेनं. तासाभरात तीन पडले. मग तीस-चाळीसांचा थवा पॉपलरवरून वळला, पंख आखडले, मोकळ्या जागेवर उतरायला लागला. मी श्वास रोखला. आणि माझ्या शेजारी आबा ताडकन उभे राहिले, टोपी काढून हवेत फिरवली आणि मंगळवेढ्याच्या रानात घालायचे तशी हाळी घातली: "हाऽऽऽऽ हुर्रर्र!"

थवा जो उधळला तो गावाच्या पलीकडं. पुन्हा दिवसभरात एकही आला नाही.

दहा मिनिटांनी शेतकरी गाडी घेऊन आला, काय झालं बघायला. मी जमेल तसं समजावलं. त्यानं रिकाम्या रानाकडं बघितलं, आबांकडं बघितलं आणि मला विचारलं, "हे अजून किती दिवस आहेत इथं?"